पफची छाटणी : एका मालवाहू गाडीच्या निमित्ताने

तुर्भ्याच्या बाजारात सुक्या मेव्याचा व्यापार करणाऱ्याचे अर्धे लक्ष तराजूकडे आणि अर्धे उन्हाकडे असते. मशीद बंदरच्या जुन्या पेढ्या इकडे आल्यापासून जागा मोकळी मिळाली, रस्ते रुंद झाले, शीतगृहे हाताच्या अंतरावर आली. पण शीतगृहाच्या दारातून बाहेर पडलेल्या पिस्त्याला पुण्याच्या किंवा नाशिकच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी पत्र्याच्या बंद गाडीतूनच प्रवास करावा लागतो. तीन वर्षांपूर्वी वैशाखातील एका दुपारी माझ्या पुतण्याने रिकाम्या गाडीत तापमापक ठेवून दार लावले. तासाभराने उघडून पाहिले, तर पारा ५१ अंशांवर होता. अशा गाडीत खजुराचा पाक पाझरू लागतो, अक्रोडाचे तेल खवट होते आणि उबेमुळे किडीची अंडी फुटतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. फाल्गुन चौमासीनंतर आपल्यापैकी अनेक घरांच्या पानातून सुका मेवा जातो, त्यामागे हेच जुने निरीक्षण असावे. व्यापाऱ्याला मात्र त्या महिन्यांतही कोठारातील माल सांभाळावाच लागतो.

शीतयंत्र बसविलेली गाडी घ्यावी इतका आमच्या पेढीचा फेरा मोठा नाही. सकाळी शीतगृहातून उचललेला माल दुपारपर्यंत गार राहिला, तरी आमचे काम भागते. तेव्हा असलेल्याच गाडीला आतून उष्णतारोधक थर द्यावा, असे ठरले. या थराला बाजारात सर्वजण ‘पफ’ म्हणतात; पॉलियुरेथेन फोमचे ते सुटसुटीत नाव. गाडीला पफ मारणे हे दोन तासांचे काम आहे, असे आम्हांस सांगण्यात आले होते आणि ते खरेही निघाले. परंतु मारलेला पफ कापून सपाट करण्यात पुढचे दोन दिवस गेले, आणि नंतर ज्या ज्या गोष्टींचा मनस्ताप झाला, त्या बहुतेक सर्व त्या दोन दिवसांतल्या होत्या. फवारा मारणाऱ्याभोवती पाहणाऱ्यांची गर्दी जमते. नंतर करवत घेऊन आत शिरणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. हा लेख त्या करवतीविषयी आहे.

प्रथम त्या पदार्थाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली पॉलियुरेथेनचा शोध लावला. फवाऱ्याच्या यंत्राला दोन पिंपे जोडलेली असतात. एकात आयसोसायनेट हा गडद तपकिरी द्रव, दुसऱ्यात पॉलिऑल आणि त्यासोबत फुगविणारे द्रव्य. दोन्ही द्रव तापलेल्या नळ्यांतून येऊन बंदुकीच्या तोंडाशी एकत्र होतात आणि पत्र्यावर पडताच काही सेकंदांत फुगू लागतात. ढोकळ्याच्या पिठात सोडा पडल्यावर जे होते, त्याच जातीचा हा प्रकार. फरक इतकाच की येथे मिश्रण सुमारे तीसपट फुगते आणि फुगता फुगताच कडक होते. आत लक्षावधी सूक्ष्म बंद कोष तयार होतात व त्यांत वायू कोंडून राहतो. उष्णता अडते ती या कोंडलेल्या वायूमुळे. पत्र्याच्या पोलादातून उष्णता जितकी सहज वाहते, त्याच्या सुमारे दोन हजारांश एवढीच या फोममधून वाहते.

फुगविणाऱ्या द्रव्याचाही एक इतिहास आहे. आपल्या देशात पुष्कळ काळ यासाठी एचसीएफसी-१४१बी नावाचे रसायन वापरीत असत. ते ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे माँट्रियल कराराच्या बांधिलकीनुसार १ जानेवारी २०२० पासून भारताने त्याचे आयात परवाने देणे बंद केले. त्यानंतर कारखान्यांना निराळी मिश्रणे घ्यावी लागली. म्हणून जुन्या कारागिराचा हात आणि नव्या पिंपातला माल यांचा मेळ बसला आहे की नाही, हे एका कोपऱ्यात थोडा फवारा मारून आधी पाहून घ्यावे. नवे मिश्रण हाताच्या सवयीपेक्षा अधिक फुगले, तर त्याचा सगळा भार करवतीवर पडतो.

आता आमच्या पहिल्या गाडीची हकिगत. जेथे ती दिली होती त्या शेडचे नाव येथे देण्याचे कारण नाही. असे काम असेच करणाऱ्या शेड पुष्कळ आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहावयास गेलो. गाडीच्या आतल्या भिंती ढगांसारख्या फुगल्या होत्या. कोठे दोन बोटे, कोठे वीतभर. छपरावर तर लोंबते गोळे तयार झाले होते. विशीतला एक मुलगा हातात ग्राइंडर घेऊन, त्याला तारांचा ब्रश लावून ते खरवडत होता. आत पिवळसर धुळीचा इतका लोट होता की त्या मुलाचा चेहरा दिसेना. तोंडाला रुमाल, डोळ्यांना काही नाही. मी दारात दोन मिनिटे उभा राहिलो आणि घशात खवखवू लागताच मागे सरलो. पुतण्याने मिस्त्रींना मास्कविषयी विचारले.

“रुमाल बांधलाय ना शेठ,” मिस्त्री म्हणाले. “अर्ध्या तासाचं काम राहिलंय. उद्या आणतो.”

दोन दिवसांतला उद्या तो कोणता, हे मी विचारले नाही. मास्क आणावयास फाटकाबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत जावे लागले असते. गाडी शनिवारपर्यंत मिळावी म्हणून घाई माझीच होती.

गाडी शनिवारी मिळाली. वरून पांढरे फायबरचे अस्तर लागले होते, आतून ती एखाद्या दवाखान्यासारखी स्वच्छ दिसत होती, आणि दोन-तीन महिने तिने कामही चोख केले. मग श्रावणात एका रात्री बोरघाट उतरताना आमच्या चालकांच्या लक्षात आले की मागून येणाऱ्या गाड्या अगदी जवळ आल्यावर करकचून ब्रेक मारीत आहेत. त्यांनी कडेला घेऊन उतरून पाहिले, तर मागचे सर्व दिवे बंद. फ्यूज बदलला, तो पुन्हा उडाला. पावसात, घाटात, मागच्या दिव्यांवाचून उभी असलेली पांढरी गाडी! चालक अनुभवी असल्यामुळे त्यांनी झाडाच्या फांद्या आणि बॅटरी घेऊन क्लीनरला मागे उभे केले आणि पहाटेपर्यंत ते तसेच थांबले. घरी हे कळले तेव्हा त्यांच्या पत्नीने आम्हांला एक शब्दही विचारला नाही, आणि ते अधिक अवघड गेले.

विजेचे काम करणाऱ्या कारागिराने दुसऱ्या दिवशी अस्तर उकलून पफ खणला. मागच्या दिव्यांकडे जाणारी तारांची जुडी भिंतीच्या खोबणीतून जात होती. पफ मारला तेव्हा ती त्यात पूर्ण बुडाली आणि फुगणाऱ्या फोमने तिला थोडे बाहेर ढकलले. नंतर फुगवटा कापणाऱ्याला ती दिसण्याचा संभवच नव्हता. हातभर लांबीत तारांवरचे प्लास्टिक सोलले गेले होते. तीन महिने ती उघडी तांब्याची तार प्रत्येक खड्ड्याबरोबर पत्र्याला घासत राहिली. त्या रात्री फ्यूज उडाला, म्हणून केवळ दिवे गेले. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी जाड तार घालणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. तसे कोणी केले असते, तर तापलेली तार सर्व बाजूंनी पफने वेढलेली होती.

खणताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. दाराखालच्या पोकळ चौकटीत पाणी साठले होते. गाडी बनविणारे कारखानदार पत्र्याच्या तळाशी लहान छिद्रे ठेवतात. आत शिरलेले वा आतच दमटपणाने साचलेले पाणी त्यांतून बाहेर पडते. पफ त्यांत शिरून घट्ट बसला होता. वरचा फुगवटा कापला गेला, पण छिद्रातला फोम तसाच राहिला, कारण ते छिद्र आहे हे कापणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. आपल्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात असे कोंडलेले पाणी पत्र्याचे काय करते, हे नवी मुंबईत गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. पटाशीचे टोक लावताच गंजाचा पापुद्रा हातात आला.

त्या मुलाची चौकशी मी पुढच्या वर्षी केली. तो काम सोडून गेला होता. धाप लागत असे, एवढेच शेजारच्या शेडमधून कळले. त्याचे कारण तीच धूळ होती, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. माणसाला धाप अनेक कारणांनी लागते. पण आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिचकू लागले की पुढे अगदी अल्प संपर्कानेही श्वास कोंडतो, ही वैद्यकशास्त्रात पक्की झालेली गोष्ट आहे. फवारा मारताना हा धोका सर्वाधिक असतो. पूर्ण मुरलेल्या फोममध्ये मोकळे आयसोसायनेट जवळजवळ उरत नाही. पण कच्चा फोम कापला, तर ते उरलेले असू शकते. आणि मुरलेल्या फोमची बारीक धूळसुद्धा डोळ्यांना, श्वसनमार्गाला सुखाची नाही.

आयसोसायनेट हा शब्द ऐकताच आमच्या पिढीच्या माणसाला भोपाळ आठवते. १९८४ च्या डिसेंबरातला तो वायू मिथाइल आयसोसायनेट होता. तो ३९ अंशांना उकळतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या हवेतच त्याची वाफ होऊ शकते. पफमध्ये वापरतात ते आयसोसायनेट जड असते आणि सहजासहजी उडत नाही. दोघांचे कूळ एक, स्वभाव निराळा. त्यामुळे पफचे नाव काढताच घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र फवाऱ्याच्या बारीक थेंबांवर स्वार होऊन तेही छातीत जाते, म्हणून मारणाऱ्यास पूर्ण मुखवटा व बाहेरून हवा हवीच.

दुसरी गाडी आम्ही या वर्षी केली, निराळ्या ठिकाणी, पावणे गावाकडच्या औद्योगिक पट्ट्यात. या वेळी पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही फक्त तारीख ठरवू नका. बाकी मी बघतो.” त्याचा हा टोला मी गिळला.

पिंपे येण्यापूर्वी त्याने पूर्ण एक दिवस गाडीत घालविला. तारांची प्रत्येक जुडी सोडवून ती प्लास्टिकच्या नळीत ओवली आणि नळी भिंतीच्या खोबणीतून काढून पफच्या बाहेर, अस्तराच्या लगेच मागे येईल अशी बांधली. पुढे कधी दुरुस्ती निघाली, तर अस्तराची एक फळी काढून भागेल. पाण्याच्या प्रत्येक छिद्रात कापडाचा बोळा घालून त्याला सुतळी बांधली आणि सुतळीचे टोक बाहेर लोंबते ठेवले. पफ कापून झाल्यावर सुतळी ओढली की बोळा निघतो आणि वाट मोकळी होते. दारांच्या पोकळीत, जेथे कुलूप आणि दांड्या हलतात, तेथे फवारा मारावयाचाच नाही असे ठरले. तेथे तयार फोमच्या लाद्या कापून बसविल्या. बंद पोकळीत फुगणारा फोम कुलूप तर अडवितोच, शिवाय बाहेरचा पत्रा ढकलून त्याला पोक आणतो, आणि तो पोक कोणत्याही छाटणीने जात नाही. मागची कडी, मालाचे पट्टे अडकविण्याचे हूक, फळ्यांचे आधार, यांचे सर्व वेल्डिंग आधी उरकून घेतले. मग मोबाइलवर प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून त्यावर मापे लिहिली.

सर्वांत उपयोगी पडली ती मात्र मिस्त्रींची युक्ती. हे मिस्त्री वयस्क, कमी बोलणारे. गाडीच्या भिंतीला उभ्या पोलादी फासळ्या असतात. फोम फासळ्यांच्या मध्ये भरला आणि फासळी उघडी राहिली, तर बाहेरची उष्णता तिच्यावाटे थेट आत येते. म्हणजे बाकीची भिंत अडविते आणि फासळी वाट देते. मिस्त्रींनी प्रत्येक फासळीवर लाकडी पट्टी ठोकली, अशी की पत्र्यापासून पट्टीच्या माथ्यापर्यंत बरोबर ५० मिलिमीटर भरावेत. या पट्टीने तीन कामे केली. पोलाद झाकले गेले, अस्तर ठोकावयास जागा मिळाली, आणि करवतीला दोन्ही बाजूंनी रूळ मिळाला. करवत दोन पट्ट्यांवर टेकवून चालविली की ती खोल जाऊच शकत नाही. पहिल्या गाडीत कापणारा केवळ नजरेवर कापीत होता.

फवारा त्यांनी एका दमात मारू दिला नाही. दोन हातांत, प्रत्येक थर बोटभर, आणि मधे थंड होण्यास वेळ. यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. फोम तयार होताना स्वतःच तापतो. एकाच वेळी जाड थर दिला, तर आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही. थराचा गाभा तांबूस पडून करपतो, आणि पेटल्याचीही उदाहरणे आहेत. करपलेला गाभा ठिसूळ होतो व छाटताना त्याची ढेकळे निघतात. पातळ थर दिल्याने आणखी एक लाभ झाला: पहिल्या थरावर कोठे उंच आणि कोठे सखल आहे हे दिसले आणि दुसरा हात सखल भागी अधिक, उंच भागी कमी असा देता आला.

मग मिस्त्रींचा आणि पुतण्याचा एक छोटा वाद झाला. मिस्त्रींचे म्हणणे, तासाभरात कापावयास घ्यावे. ताजा फोम लोण्यासारखा कापला जातो. पुतण्याचे म्हणणे, दारे उघडी ठेवून पंखा लावून एक दिवस थांबावे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. ताजा फोम मऊ असतो हे खरे; पण तो पात्याला चिकटतो आणि अजून वायू सोडीत असतो.

“एक दिवस शेड अडकून पडली, तर माझं भाडं कोण भरणार?” मिस्त्रींनी विचारले.

“आम्ही,” पुतण्या म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापणी सुरू झाली. मिस्त्रींचे हत्यार पाहून मला गंमत वाटली. लाकूड कापण्याच्या यंत्राची टाकून दिलेली दातेरी पट्टी, दोन हातांएवढी लांब, आणि तिच्या दोन्ही टोकांना कापड गुंडाळून केलेल्या लाकडी मुठी. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरावयाची. पट्टी लवचीक असल्याने छपराच्या गोलाईवर ती वाकून बसते आणि लांब, सरळ, पातळ काप काढते. काप पडतो तो मोठा तुकडा होऊन, धूळ थोडी. कोपऱ्यांत लांब पात्याची सुरी, दारांच्या कडेला हॅकसॉचे सुटे पाते हातात धरून. ग्राइंडर त्यांनी बाहेरच ठेवावयास सांगितला. आत दोघेच, दोघांच्याही तोंडावर गाळणी असलेले मास्क, डोळ्यांवर बंद चष्मे, पूर्ण बाह्यांचे सदरे. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत हे घालून अर्ध्या तासापेक्षा अधिक काम होत नाही. म्हणून अर्धा तास आत, पाव तास सावलीत, असे त्यांनी दिवसभर चालविले आणि मधे पाण्याऐवजी ताक मागितले. आम्ही घरून मागविले.

छाटणीत अधिक कौशल्य कोठे थांबावे यात आहे, हे मला तेथे बसून पाहताना उमगले. फवाऱ्याने आलेल्या फोमच्या पृष्ठभागावर एक गुळगुळीत, दाट साल येते. ती साल ओलाव्याला अडविते. करवत चालली की साल जाते आणि कापलेले कोष उघडे पडतात. बंद कोषांचा फोम असल्याने ओलावा लगेच आत शिरत नाही. पण शीतगृहातून आलेला गार माल आत आणि दमट हवा बाहेर अशा स्थितीत जेथे साल शाबूत आहे तेथे ती असू द्यावी, हे शहाणपणाचे. पहिल्या शेडमध्ये सगळी भिंत भाकरीच्या परातीसारखी एकसारखी करण्याचा हट्ट होता, आणि त्या हट्टापायी जेथे फोम मुळात कमी होता तेथेही तो खरवडला गेला. मिस्त्रींनी फक्त पट्टीच्या वर आलेले उंचवटे घेतले. जेथे दोन-चार मिलिमीटर खोलगट होते, ते तसेच ठेवले. “अस्तर याच्यावरून जाणार आहे. खालचं कुणाला दिसणार?” ते म्हणाले. जेथे साल गेली होती, तेथे अस्तरामागे वाफ अडविणारा प्लास्टिकचा कागद सांधे चिकटवून लावला.

छाटणीसाठी काय वापरू नये, हेही सांगितले पाहिजे, कारण या चुका चतुर माणसांकडून होतात. गणपतीच्या मखरासाठी थर्मोकोल कापताना आपण सर्वांनी तापलेली तार वापरलेली पाहिली आहे. पहिल्या गाडीच्या वेळी आमच्याच एका स्नेह्यांनी ती सुचविली होती. थर्मोकोल उष्णतेने वितळतो. पफ वितळत नाही. एकदा घट्ट झालेला पॉलियुरेथेन फोम तापला की जळतो, करपतो, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. बंद पत्र्याच्या पेटीत तो धूर म्हणजे काय, याचे वर्णन करीत नाही. ॲसिटोनसारखी द्रव्ये ओला फोम पुसतात, मुरलेल्या फोमवर त्यांची मात्रा चालत नाही; उगाच ज्वलनशील वाफ मात्र गाडीत भरते.

ठिणगीची गोष्ट याहूनही गंभीर आहे. दक्षिण कोरियातील इचॉन शहरात जानेवारी २००८ मध्ये एका शीतगोदामाचे काम चालू असताना आग लागून ४० माणसे दगावली. त्याच शहरात एप्रिल २०२० मध्ये बांधकाम चालू असलेल्या दुसऱ्या गोदामात ३८ माणसे गेली. दोन्ही ठिकाणी युरेथेन फोमचा संबंध होता; दुसऱ्या आगीत फोमचे काम आणि वेल्डिंग एकाच इमारतीत एकाच वेळी चालू होते. आमची गाडी त्या गोदामांच्या मानाने डबीएवढी. पण डबीत दार एकच असते. म्हणून पफ मारल्यानंतर वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, आणि काम चालू असताना वाळूची बादली व अग्निशामक नळकांडे दाराशी, आत नव्हे. उघडा पफ गाडीत कधीही तसाच ठेवू नये. त्यावर फायबरचे किंवा पत्र्याचे अस्तर हवेच.

आता थोडा हिशेब. आमच्या गाडीच्या दोन भिंती व छप्पर मिळून क्षेत्र सुमारे १५ चौरस मीटर. ५० मिलिमीटर थर म्हणजे पाऊण घनमीटर फोम. एका घनमीटराला ४० किलो धरले तर ३० किलो माल. पहिल्या गाडीत सरासरी १५ मिलिमीटर जादा आला असे मानले, तरी ते ९ किलो झाले. तीस किलोच्या मालावर नऊ किलो तूट! बाजारात अशी तूट कोणी सोसणार नाही. येथे मात्र ती आपण आधी विकत घेतो, मग मजुरी देऊन कापून घेतो आणि वर फेकावयाचा खर्च करतो. दुसऱ्या गाडीची छाट मी मुद्दाम आमच्या काट्यावर ठेवली. ती पावणेतीन किलो भरली. तयारीत गेलेला एक दिवस आणि शेडचे एक दिवसाचे भाडे धरूनही दुसरी गाडी आम्हांला महाग पडली नाही.

परवानगीविषयी दोन शब्द. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनुमती नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. पफ स्वतः हलका असला, तरी लाकडी पट्ट्या, तळाचे प्लाय, फायबरचे अस्तर मिळून गाडीचे रिकामे वजन शंभर किलोंच्या पुढे सहज वाढते, आणि तेवढा माल कमी भरावा लागतो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. विमा कंपनीलाही कळवावे. ती विचारते ते अपघात झाल्यावर.

राहता राहिली छाट. पहिल्या गाडीची नऊ किलो छाट वजनाला काहीच नव्हती, पण तिची सात पोती भरली. भंगारवाले भाऊ आमच्याकडून खोकी, पत्रे, तुटलेली प्लास्टिकची कॅरेट, सर्व काही नेतात. या पोत्यांत हात घालून त्यांनी एक तुकडा दाबून पाहिला आणि परत ठेवला. “शेठ, याला भाव नाही,” ते म्हणाले. खरेच नाही. थर्मोकोल किंवा पाण्याची बाटली वितळवून पुन्हा काही करता येते; हा पदार्थ पुन्हा वितळत नाही. शेडच्या मागे रिकामी जागा होती आणि रात्री ती पोती तेथे पेटविली जातात, हे मला नंतर समजले. काहीजण ती नाल्यात टाकतात. नाला खाडीला मिळतो, आणि ठाण्याची खाडी हे २०२२ पासून रामसर यादीतील स्थळ आहे. हिवाळ्यात तेथील चिखलात चोच घालून चरणारे फ्लेमिंगो पाहावयास आपण मुलांना घेऊन जातो. पाण्यावर तरंगणारा हा फोम झिजून कणाकणाने त्याच चिखलात उतरतो.

पहिल्या गाडीची पोती मी शेडमध्ये न ठेवता गाळ्याच्या पोटमाळ्यावर आणवली होती. मोठे काप निवडून त्यांच्या लाद्या केल्या आणि दुसऱ्या गाडीच्या दारांत बसविल्या. वर ज्या लाद्यांचा उल्लेख आला आहे त्या याच. मध्यम तुकडे कागदात गुंडाळून काचेच्या बरण्यांच्या खोक्यांत भरावासाठी जातात, खाद्यपदार्थाला त्यांचा स्पर्श होणार नाही अशा बेताने. भुकटी तेवढी महापालिकेच्या सुक्या कचऱ्यात बांधून दिली. सात पोत्यांपैकी दोन अजून माळ्यावर आहेत. दर दिवाळीला साफसफाईच्या वेळी मुनीमजी विचारतात, “ही काय करायची?” आणि ती पुन्हा तेथेच ठेवली जातात.